डाव विचाराचा, कसोटी चपळाईची

‘फायनल फँटसी टेन’ हा २००१ सालचा जपानी व्हिडिओ गेम आम्ही पेणजवळच्या रामवाडीत मुलांबरोबर खेळून पाहिला. सारीपाटासारखी इथे प्रत्येकाची पाळी येते. पुढची पाळी कोणाची, हे पडद्यावर आधीच दिसते, घाई नसते. त्यामुळे मुले थांबतात, वाद घालतात, मगच चाल ठरवतात. हे आम्हांला फार मोलाचे वाटले.

पण एका पात्राच्या खास शस्त्राची पूर्ण ताकद हवी, तर मध्येच येणाऱ्या एका छोट्या खेळात सलग २०० विजा चुकवाव्या लागतात. तिथे विचार कामाचा नाही, बोटांची चपळाई हवी. शिकवले एक, तपासले भलतेच! आपल्या परीक्षांत असे किती वेळा होते?