ऑपेरा हाऊसचं छत आणि परळचा हॉल

मी मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस बघून आलो. एका मित्राकडं गाण्याच्या मैफलीचं जादा तिकीट होतं. मी गिरणीत रिंग खात्यात तुटलेलं सूत जोडणारा माणूस, पण कविता करतो म्हणून त्यानं बोलावलं. एक खाडा केला आणि कसारा लोकल धरली. दादरला गाडी बदलून चर्नी रोड. एका अंगाला चौपाटीचा समुद्र, दुसऱ्या अंगाला थोडं चाललं की ही इमारत.

दारात मला कुणी अडवलं नाही. तरी मी थांबलो. आधी चपलांकडं बघितलं, मग नखांकडं. हे लिहिणं जरूर आहे. आपले नामवंत समीक्षक वास्तूवर लिहितात, त्यात खांब असतात, कमानी असतात, पण आपण आत कसे शिरलो हे नसतं. त्यांना दार लागतच नाही. आमच्यासारख्याची समीक्षा दारातच सुरू होते.

आत गेलो. सुंदर आहे. खोटं कशाला बोलू? झुंबरं, सोनेरी नक्षी, बाजूचे बॉक्स, वर आठ भागांचं चित्रांचं छत. १९११ साली पंचम जॉर्ज राजानं उद्घाटन केलं तेव्हा बांधकाम पुरतं झालंही नव्हतं. पुढं इथं बालगंधर्व गायले, पृथ्वीराज कपूरांची नाटकं झाली, सिनेमे लागले. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं. १९९३ ला बंद पडलं आणि दुरुस्त होऊन २०१६ साली पुन्हा उघडलं.

गाणं सुरू झालं. रिंग खात्यात आठ तास काढणाऱ्याच्या कानात घरी आल्यावरही साचे चालूच असतात. त्या संध्याकाळी ते थांबले. नुसता तानपुरा ऐकू येत होता. माझे डोळे भरले आणि मला माझाच राग आला. का आला, याचा विचार मी कसाऱ्याच्या शेवटच्या गाडीत करत बसलो.

मध्यंतरात नळावर तोंड धुतलं होतं. मुंबईच्या नळाला आमच्या शहापूर तालुक्यातलं पाणी येतं. तानसा धरण १८९२ चं, म्हणजे ऑपेरा हाऊसपेक्षा वयानं मोठं. भातसाही आमचंच. आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. छतावर चित्रं आहेत, भिंतीआड आमचं पाणी आहे. पण रागाचं कारण एवढंच नव्हतं. मला आजा आठवला होता.

आजा परळच्या एका गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांबरोबर तोही बाहेर पडला. परत आत गेला नाही. कसाऱ्याला आला तो पत्र्याची एक पेटी घेऊन. म्हणायचा, "आम्ही नाटकवालं होतो रं. गिरणीत नुस्तं राबायला जायचो." त्याचं ऑपेरा हाऊस म्हणजे परळचं दामोदर नाट्यगृह. १९२२ सालचं, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं. पाळी सुटली की कामगारांनी तिथं तोंडाला रंग लावायचा. गावोगावची मंडळं नाटकं करायची, कोकणातली नमनं व्हायची.

त्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्यातून २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. बाबासाहेबांचं कार्यालयही तिथंच होतं. आता सांगा, या हॉलला छतावर चित्रं कशाला पाहिजेत?

कुणी म्हणेल, तिथली नाटकं काय मोठी होती? नव्हती. आपल्या माणसांची म्हणून डोक्यावर घ्यायची, ही समीक्षा नव्हे. पुष्कळशी राजा-सरदारांची, पत्र्याच्या तलवारींची. आणि राजाचं काम आजाला कधी मिळालं नाही. त्याला मिळायचा भालदार. एका खात्यात घाम गाळणारे लोक, पण मंडळातही गावाची वेस होतीच. कामगार रंगभूमीचं गुणगान करणाऱ्यांनी हा भालदारही लिहावा. तरीही आजाला रंगमंच ठाऊक होता. त्याला तिथल्या दारात चपलांकडं बघावं लागलं नाही. मी त्याचा नातू, दोन इयत्ता जास्त शिकलेला, मला बघावं लागलं. राग याचा होता.

वारसा वारसा म्हणतात. आमच्याकडं वारसा म्हटलं की आधी सातबाऱ्यावर नाव लागतं का ते बघतात. ऑपेरा हाऊसला वारस होता, वारसाकडं पैसा होता, म्हणून छत वाचलं. वाचलं ते चांगलंच झालं. पण दामोदरचे वारस कोण? ज्यांनी रंग लावला, ज्यांनी सतरंजीवर बसून टाळ्या दिल्या, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. गिरण्या गेल्या, गिरणगावची जमीन सोन्याची झाली. २०२३ साली दामोदर पुनर्विकासासाठी बंद झालं, पाडकामाची वेळ आली. नाट्यकर्मी विरोधात उभे राहिले. वास्तूच्या किमतीत भालदाराचा घाम धरायचा का, हा प्रश्न मात्र समीक्षेनं विचारला नाही.

आजा आता नाही. पेटी आहे. तिच्यात एक मिशी, वाळलेल्या डिंकाची डबी आणि एक हॅण्डबिल. हॅण्डबिलावर पात्रांची नावं आहेत. भालदाराचं नाव छापलेलं नाही, कोपऱ्यात शाईनं लिहिलंय. अक्षर आजाचं आहे.

वाचणाऱ्या मित्रांनो, तुमच्याही घरात अशी पेटी असेल. उघडा. कोणतं नाटक, कोणतं साल, कोणतं काम, सगळं लिहून काढा आणि या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. हॉल पाडायला परवानगी लागते, लिहायला लागत नाही.