पेटीतले इमान आणि बावन्न हक्क

अमृतनाक महाराची कथा आपल्या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. बेदरच्या बादशहाच्या बेगमेला दूरदेशाहून परत आणण्याची कामगिरी त्याच्याकडे येते. निघताना तो एक बंद पेटी बादशहाच्या हवाली करतो आणि मी परत येईपर्यंत ती उघडू नये, असे सांगतो. बेगमेला घेऊन तो परततो तेव्हा दरबारात त्याच्या चारित्र्याविषयी कुजबुज सुरू होते. पेटी उघडली जाते. आत त्याने स्वतःच्या हाताने कापून ठेवलेले त्याचे लिंग असते. प्रसन्न बादशहा ‘माग’ म्हणतो. अमृतनाक स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतो. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पेटी बदलत नाही.

ही कथा खरी की खोटी, एवढाच वाद आजवर घातला गेला. प्रस्थापित पंडित सनद मागतात आणि ती संशयास्पद ठरली की कथेला भाकड म्हणून मोकळे होतात. (देवादिकांच्या कथांना मात्र ते सनद मागत नाहीत.) उलट आपल्यातले काही उत्साही लेखक हिला पराक्रमाचा पुरावा समजून छातीला लावतात. मला दोन्ही वाचने अपुरी वाटतात. कथा घडली की नाही यापेक्षा ती कोणाला काय देते, हे तपासणे समीक्षेचे काम आहे.

त्यासाठी थोडे दूर जावे लागेल. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेखक लुसियन याच्या नावावर सिरियातील एका देवीविषयीचा ग्रीक ग्रंथ आहे. त्यात हीच पेटी सापडते. राजा आपल्या राणीबरोबर कोंबाबोस नावाच्या तरुणाला पाठवतो. तो स्वतःला कापून घेऊन मोहोरबंद पेटी राजाकडे ठेवतो. पुढे आळ येतो, मृत्युदंडापर्यंत गोष्ट जाते आणि पेटी उघडल्यावर तो निर्दोष ठरतो. म्हणजे ही कल्पना बेदरच्या कितीतरी आधीची आहे. येथे पंडित खूश होतील. पण त्यांनी पुढचे वाचावे. कोंबाबोसाला राजा सोनेनाणे देतो, आपल्याकडे केव्हाही येण्याची मुभा देतो. अमृतनाकाच्या जातीला काय मिळते? मेलेल्या ढोराचे कातडे, प्रेतावरचे कापड, खळ्यावरचे बलुते, सणावारी दारोदार फिरून गोळा करायची भाकरी. कापून घेणे दोघांचे सारखेच, पण बक्षिसाच्या जागी येथे गावगाडा उभा आहे. कथा परदेशातून आली असेल किंवा नसेल, हा शेवट मात्र इथल्या मातीतला आहे.

या शेवटात एक मोठी हुशारी आहे आणि एक मोठा घात आहे. गाव ज्याला भीक म्हणत होते, त्याला कथेने हक्क म्हटले. दारात उभ्या असलेल्या माणसाची मान त्या एका शब्दाने ताठ झाली असेल, हे मी नाकारत नाही. परंतु त्याच शब्दाने तो दारापाशी बांधलाही गेला. ज्यासाठी पूर्वजाने वंश तोडला, ते टाकायचे कसे?

ते टाकले गेले, आणि तेही आमच्याच जिल्ह्यात. नागोठणे आणि रोह्याच्या मध्ये निडी हे छोटे स्थानक आहे. तेथे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका वृद्ध गृहस्थांकडून मी ही कथा ऐकली. त्यांनी पेटीचा प्रसंग दोन वाक्यांत उरकला आणि हक्क मात्र बोटांवर मोजून सांगितले. मी विचारले, ‘‘बाबा, यातले तुम्ही काय घेतलेत?’’ ते हसले. ‘‘आमच्या बापाने महाडच्या सभेनंतर ढोर ओढायचे सोडले. मग ते बावन्न कुठले नि काय!’’ महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले होते. वर्षभरातच, १९ मार्च १९२८ रोजी, त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. ते १९२९ साली मागे घ्यावे लागले. वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या अधिनियमाने. अमृतनाकाच्या कथेवरची सर्वांत धारदार टीका मी या विधेयकाला मानतो. त्याने कथेचा उल्लेख न करता तिचा शेवट खोडला.

आणि अविश्वसनीय कशाला म्हणायचे? चवदार तळ्याचे पाणी माणसांनी प्यायले म्हणून महाडच्या सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरींनी ते तळे शुद्ध करून घेतले. याला सनद आहे, तारखा आहेत, कोर्टाचे निकाल आहेत. अमृतनाकाची पेटी यापेक्षा जास्त अद्भुत आहे, असे मला तरी वाटत नाही.

पुरंदरची कथाही अशीच वाचायला हवी. बुरूज उभा राहीना म्हणून बहिरनाकाचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना पायात जिवंत गाडले, अशी आख्यायिका आहे. ग्रीसमधील आर्ताच्या पुलाच्या आणि अल्बानियातील रोझाफा किल्ल्याच्या लोककथांतही असेच गाडणे आहे, पण तेथे बांधणाऱ्याच्या स्वतःच्या घरातली स्त्री जाते. पुरंदरावर बुरूज राजाचा आणि माणसे महाराची. आपले लेखक या कथेत बहिरनाकाचे इमान पाहतात. नाथनाकाने होकार दिला का, याची फारशी चौकशी होत नाही. देवकाईची तर मुळीच नाही. रोझाफाच्या कथेत भिंतीत चिणली जाणारी बाई तान्ह्या मुलाला पाजण्यासाठी एक स्तन मोकळा ठेवा, असे निदान मागते. देवकाईच्या तोंडी माझ्या ऐकण्यात एकही शब्द नाही, आणि आपल्या कथा-कवितेनेही तो तिला अजून दिलेला माझ्या वाचनात आलेला नाही.