पाच हजार वर्षांच्या यादीतील संकरित ग्रहणे

दाते पंचांगाच्या सोलापुरात ग्रहणाचे स्पर्श-मोक्ष मिनिटापर्यंत ठाऊक असणे ही नवलाची गोष्ट नाही. पण पंचांग एका वर्षापुरते बोलते. फ्रेड एस्पेनाक आणि ज्याँ मेयूस यांचा, ‘नासा’ने २००६ साली प्रसिद्ध केलेला सूर्यग्रहणांचा ग्रंथ इ. स. पूर्व २००० पासून इ. स. ३००० पर्यंतचा हिशेब मांडतो. त्यातील ११,८९८ ग्रहणांपैकी ५६९ संकरित आहेत. शाळेत या ग्रंथातील नकाशे दाखवावेत असे आम्हांला जरूर वाटते. मात्र दूरच्या भविष्यातील नकाशे कसे वाचायचे, हे आधी सांगावे लागेल.

संकरित ग्रहणात चंद्राच्या गडद छायेचे टोक पृथ्वीच्या पृष्ठभागाला जेमतेम पोचते. पट्ट्याच्या मधल्या भागात पृथ्वीचा फुगवटा चंद्राला जवळ असतो, म्हणून तेथे खग्रास दिसते. टोकांकडे छाया अपुरी पडते आणि कंकण दिसते. एका गावाच्या वाट्याला यांतील एकच प्रकार येतो. तेव्हा ‘आमच्या गावी संकरित ग्रहण कधी दिसेल?’ हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्नच दुरुस्त करून घ्यायला हवा.

इ. स. २९०० नंतरचे ग्रहण संकरित असेल की नाही, हे बहुतेक वेळा भरवशाने सांगता येते. ते सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या अंतरांवर अवलंबून असते आणि ते गणित पक्के आहे. ते कोठे दिसेल, हे मात्र पृथ्वी तोवर किती फिरली असेल यावर ठरते. भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचे फिरणे मंदावते आहे, तेही सारख्या गतीने नव्हे. एकसमान काळ आणि पृथ्वीचे घड्याळ यांत आज सुमारे ६९ सेकंदांचा फरक आहे; इ. स. ३००० साठी ग्रंथकारांनी तो सव्वा तासाच्या आसपास धरला आहे. हा आकडा जुन्या नोंदींवर बसवलेले सूत्र पुढे ओढून काढलेला आहे. त्यात दहा मिनिटांची चूक निघाली, तर सोलापूरवरून काढलेली रेघ अडीच अंश सरकून पुण्याच्या रेखांशाच्याही पश्चिमेला जाऊ शकते. शिवाय संकरित ग्रहणाचा पट्टा अगदी अरुंद असतो. ग्रंथाच्या विवेचनात ही अनिश्चितता मांडली आहे, पण नकाशावर रेघ एकच, तीही ठाम. आमची तक्रार एवढीच.

अल्प मुदतीच्या भाकिताचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. के. डी. नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी आधीच तळ ठोकले होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, पण छाया ठरल्या जागी आली. एका सेकंदाच्या चुकीने येथे पट्टा अर्ध्या किलोमीटरहूनही कमी सरकतो.

प्रकाराबाबतही सीमेवरची काही ग्रहणे त्रास देतात. ३ ऑक्टोबर १९८६ चे ग्रहण यादीत संकरित आहे. त्याची खग्रास अवस्था सेकंदाच्या अंशाएवढीच. चंद्राच्या कडेवर डोंगर-दऱ्या आहेत. त्रिज्या मोजताना त्या जमेस धराव्यात की वगळाव्यात, यावर असे ग्रहण एका यादीत संकरित आणि दुसऱ्या यादीत कंकणाकृती ठरू शकते.