ओरडणारे सर आणि पटावरचे नाव

मराठी साहित्यात शिक्षक भेटतो तो बहुधा दोन रूपांत. एक छडीवाले मास्तर, ज्यांच्यावर हसायचे. दुसरे ध्येयवादी गुरुजी, ज्यांच्यापुढे हात जोडायचे. कडक असूनही मुलावर जीव असणारा, चारचौघांसारखा शिक्षक या दोहोंच्या मधे कुठेतरी हरवतो. आजच्या मुलांना मात्र तो रोज भेटतो, आणि गंमत म्हणजे तो जपानी आहे. 'डोरेमॉन' या व्यंगचित्रमालिकेतल्या नोबिताच्या वर्गशिक्षकांविषयी मी बोलतो आहे. या सरांकडून खऱ्या शिक्षकाने काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे आपल्याच मातीतल्या दोन उदाहरणांशी ताडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

फुजिको एफ. फुजिओ यांची ही चित्रकथा १९६९च्या अखेरीस जपानी मुलांच्या मासिकांतून सुरू झाली. १९७९पासून तिची दूरचित्रवाणी मालिका गाजली आणि २००५पासून ती हिंदीतून आपल्या घरांत आली. साताऱ्या-सांगलीकडच्या पोरांना नोबिता चुलतभावाइतका ओळखीचा आहे. त्याचे सर चश्मेवाले, काटेकोर. नोबिता उशिरा आला की ओरडतात, गृहपाठ नसला की वर्गाबाहेर उभे करतात, शून्य मिळाले की पेपर हातात ठेवतात. मुले त्यांना भितात. पण त्यांचा द्वेष करत नाहीत. असे का, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

याचे उत्तर मला सरांच्या एका सवयीत सापडते: ते रोज गृहपाठ विचारतात. काल शून्य मिळाले म्हणून आज नोबिताला वगळले, असे होत नाही. हा मुलगा आज करून आला असेल, ही अपेक्षा ते रोज सकाळी नव्याने धरतात. शिवाय ते त्याच्या घरी जातात. जपानी प्राथमिक शाळांत शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या घरी जाण्याची रीत आहे. नोबिता त्या भेटीला घाबरतो, पण त्या भेटीमुळेच सरांना त्याचे घर ठाऊक असते. ओरडण्यामागे ओळख आहे.

मात्र इथेच सरांची मर्यादाही दिसते. ते घरी जातात ते बहुतेक वेळा तक्रार घेऊन. मुलाला का जमत नाही, हे शोधून शिकवण्याची पद्धत बदलावी, असे त्यांच्या मनात येत नाही. कथेला ते परवडते, कारण नोबिता सुधारला तर गंमतच संपेल. खऱ्या वर्गाला ते परवडत नाही. शिवाय आपल्याकडे १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. मुलाला बाहेर उभे करून चारचौघांत लाजवणे या कलमाच्या विरोधातच जाते. तेव्हा सरांची शिक्षा उचलायची नाही. उचलायचा तो त्यांचा हट्ट.

या हट्टाचे आपले रूप व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) आहे. कादंबरीचा प्रदेश जुन्या औंध संस्थानातला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि माडगूळकरांचे माणदेशी गाव सांगलीच्या आटपाडी तालुक्यात. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, तेव्हा शाळेत मुले नसतात. ती मेंढरांमागे असतात. शिक्षा करायला समोर कुणी हवे ना! म्हणून मास्तर आधी लोकांकडे जातो, कारभाऱ्याला विश्वासात घेतो, लोकांची पत्रे लिहितो, अडलेली कामे करतो. कादंबरीत वर्गातले प्रसंग थोडे आणि वाडीतले फार आहेत. मला हा रचनेतला दोष वाटत नाही. कादंबरीचे सारे म्हणणेच त्यात आहे. या मास्तराचा अधिकार छडीतून येत नाही, तो वाडीच्या उपयोगी पडण्यातून येतो. नोबिताचे सर जिथे थांबतात, तिथून पुढे हा मास्तर चालू लागतो.

दुसरे उदाहरण कादंबरीतले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, अंगमेहनत करत. शिस्त कडक होती. पण त्याच मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, मुलांच्या वहिनींनी, अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. मुलाकडून श्रम मागणाऱ्याने आधी स्वतःच्या घरातले काढून दिले होते. कडकपणाला नैतिक बळ येते ते असे.

मग आज अडते कुठे? छडी गेली, हे चांगलेच झाले. पण काही वर्गांत छडीबरोबर विचारणेही गेले. मूल वाचू शकत नाही, तरी त्याला पुढच्या वर्गात ढकलायचे, कुणी रागावायचे नाही, कुणी घरी जायचे नाही. याला माया म्हणता येणार नाही. हे सोडून देणे आहे. आणि ऊसतोडीच्या हंगामात या दोन्ही जिल्ह्यांतल्या कारखान्यांभोवती पाले पडतात, तेव्हा त्यांतल्या कितीतरी मुलांची शाळा मागे गावाकडे राहिलेली असते. नाव तिकडच्या पटावर, मूल इकडच्या फडात. त्याला 'काल का आला नाहीस?' असे विचारणारेच कुणी नसते. 'बनगरवाडी'च्या अखेरीस दुष्काळाने वाडी उठते आणि मास्तरही निघतो. हंगामापुरती उठणारी गावे आजही आहेत.

म्हणून नोबिता मला भाग्यवान वाटतो. त्याला शून्य मिळते, पण त्याचा पेपर कुणीतरी तपासलेला असतो. त्याला ओरडा बसतो, कारण त्याचे नाव पटावर असते आणि सरांच्या डोक्यातही. व्यंगचित्रातल्या या सरांकडून खऱ्या शिक्षकाने घ्यावे ते एवढेच: एकाही मुलाकडून अपेक्षा करणे थांबवू नये. आणि बनगरवाडीच्या मास्तराकडून घ्यावे ते याच्या पुढचे: विचारायला मूल समोर नसेल, तर उठून त्याच्या पालापर्यंत जावे.