मुके खांब: माओरी कोरीवकामाची वाटचाल

न्यूझीलंडच्या माओरी समाजात कोरीवकामाला ‘फाकाइरो’ म्हणतात. ही कला समुद्रदेव तांगारोआच्या घरातून आली, अशी पूर्व किनाऱ्यावरच्या जमातींची कथा आहे. तांगारोआने रुआतेपुपुकेच्या मुलाला पळवून आपल्या घराच्या शिखरावर पुतळ्यासारखा बसवला. बाप मुलाच्या शोधात पाण्याखाली गेला, त्याने ते घर पेटवले आणि निघताना ओसरीवरचे कोरीव खांब सोबत घेतले. घराच्या आतले खांब एकमेकांशी बोलत असत, ओसरीवरचे मुके होते. माणसांच्या वाट्याला आले ते मुकेच. या कलेचे मर्म त्या कथेत आहे. खांबाला स्वतःचा आवाज नाही. त्याच्यासमोर उभे राहून वंशावळ सांगणारा कोणीतरी लागतो. गेल्या दोनशे वर्षांतल्या या कलेच्या उतार-चढावाचा हिशेब याच एका कसोटीवर नीट लागतो.

पूर्व पॉलिनेशियातून होड्यांतून लोक इथे पोचले ते साधारण 13व्या शतकाच्या अखेरीस. मागे सोडलेल्या बेटांवर नसलेले प्रचंड वृक्ष त्यांना इथे मिळाले. त्यांतला तोतारा कोरणाऱ्याच्या विशेष आवडीचा: रेषा सरळ, वजनाला हलका, पाण्यापावसात टिकणारा. हत्यारे दगडाची. दक्षिण बेटावर मिळणाऱ्या पोउनामू या हिरव्या, अतिशय चिवट दगडाचे वाकस आणि पटाश्या घासून घासून धारदार केल्या जात. काम सोवळ्यातले होते. लाकडाचा भुसा तोंडाने फुंकायचा नाही, ढलप्या चुलीत घालायच्या नाहीत, बायकांनी कोरायचे नाही, असे निर्बंध होते. 1920 मध्ये उत्तरेत कायताया गावाजवळ दलदलीतून निघालेली एक कोरीव पट्टी जुन्या नमुन्यांत मोडते. मधोमध एक माणूस, दोन्ही टोकांना बाहेर पाहणारे प्राणी आणि मध्ये बरीच मोकळी जागा. नंतरच्या माओरी कामात जवळजवळ प्रत्येक बोटभर जागा वळणा-वेटोळ्यांनी भरलेली दिसते. ही पट्टी मात्र अजून पॉलिनेशियाच्या बेटांचीच बोली बोलते.

आज ‘परंपरा’ म्हणून जे डोळ्यांसमोर येते ते कोरीव सभाघर, म्हणजे फारेनुई. या भव्य रूपात ते मुख्यतः 19व्या शतकातले आहे, हे अनेकदा विसरले जाते. त्याआधी कारागिरांचे कसब युद्धनौकांवर आणि अन्नकोठारांवर खर्च होई. युरोपीय लोखंड आले, काम वेगवान आणि खोल झाले; जमिनीचे तंटे वाढले, तेव्हा जमातीला एकत्र बसायला मोठे छप्पर हवे झाले. हे घर म्हणजे पूर्वजाचे शरीर. आढे हा त्याचा कणा, वासे या फासळ्या, दर्शनी तिरप्या फळ्या हे पसरलेले बाहू, शिखरावरचा मुखवटा हा चेहरा. मराठी घरात जिथे गणेशपट्टी असते, तिथे ‘पारे’ ही कोरीव पट्टी असते आणि तिच्याखालून जाणे म्हणजे बाहेरच्या जगातून पूर्वजाच्या देहात शिरणे. आतल्या भिंतींचे खांब एकेका पूर्वजाचे. डोळ्यांत पावा शिंपल्याची निळी-हिरवी झाक, ओठांतून बाहेर आलेली जीभ, हातांना बहुधा तीनच बोटे. पाहुणा बोलायला उठला की आधी घराला अभिवादन करतो, मग माणसांना.

या घरांतले सर्वांत महत्त्वाचे ‘ते हाउ की तुरांगा’. रोंगोफाकाता जमातीचा प्रमुख राहारुही रुकुपो याने ते 1840 च्या दशकाच्या आरंभी, दिवंगत भावाच्या स्मरणार्थ, लोखंडी हत्यारांनी घडवले. पृष्ठभागाखालून आकार वर येतो आहे असे वाटावे इतकी त्यात खोली आणि लय आहे. खांबांत रुकुपोने स्वतःचीही प्रतिमा कोरली, गोंदवलेल्या चेहऱ्यासह. 1867 मध्ये सरकारने हे घर उचलून वेलिंग्टनला नेले. फाकाताने येथील ‘माताआतुआ’ घराची कहाणी त्याहून विचित्र. 1875 मध्ये उभे राहिलेले हे घर 1879 च्या सिडनी प्रदर्शनात मांडले गेले, तेही भिंती उलट्या करून, कोरीव बाजू बाहेर काढून. पूर्वजाचे पोट फाडून आतडी दाखवण्यासारखाच हा प्रकार होता. तिथून ते लंडनला गेले, 1925 मध्ये ड्युनेडिनला आले, 1996 मध्ये जमातीच्या हाती परत पडले आणि 2011 मध्ये आपल्या मूळ भूमीत पुन्हा उघडले.

एकीकडे घरे जात होती, दुसरीकडे रोटोरुआच्या गरम झऱ्यांवर पर्यटक येत होते. तेने वायतेरे यांच्यासारखा थोर कारागीर हॉटेलमालकासाठी ‘रौरू’ हे घर कोरत होता. ते पुढे जर्मनीत हॅम्बुर्गच्या संग्रहालयात गेले. बाजारासाठीचे काम म्हणून त्याला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. त्या पैशामुळेच हात चालते राहिले.

खरे पुनरुज्जीवन घडवले ते राजकारणी आपिराना न्गाता यांनी. 1926 च्या कायद्याच्या आधाराने 1927 मध्ये रोटोरुआला कोरीवकामाची शाळा सुरू झाली. पिने ताइआपा या तरुणाला पटाशी येत होती, पण वाकसाचे जुने तंत्र हरवत चालले होते; ते त्याने वृद्ध एरामिहा कापुआंकडून मिळवले. पिने आणि त्याचा भाऊ होने यांच्या हातून गावोगाव सभाघरे उभी राहिली. 1940 मध्ये वायतांगीचे सभाघर खुले झाले आणि 1967 मध्ये होने नव्या राष्ट्रीय शाळेचे गुरू झाले. हे ऋण मोठे आहे. पण त्याची एक बाजू खटकते. तारानाकी भागातली, शरीरे एकमेकांत गुंतवणारी सर्पिल शैली आणि उत्तरेतल्या शैली 19व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या युद्धांत आधीच खंडित झाल्या होत्या. शाळेने त्यांना सावरण्याऐवजी मुख्यतः मध्य आणि पूर्व भागांतले नमुने प्रमाण मानले. 1880 च्या दशकातल्या ‘रोंगोपाई’ घरात माणसे, झाडे, फुले मोकळेपणाने रंगवलेली होती. असले प्रयोग न्गातांच्या चौकटीत बसले नाहीत. एक जिवंत वाद त्या काळात बंद पडला.

1984 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ‘ते माओरी’ प्रदर्शन उघडले. पहाटेच्या अंधारात माओरी वडीलधाऱ्यांनी मंत्र म्हणत दारे उघडली, आणि या वस्तूंना मानववंशशास्त्राचे नमुने समजणाऱ्या जगाला त्यांच्यासोबत त्यांची माणसेही दिसली. बायकांचे विणकाम मात्र या प्रदर्शनात वगळले गेले, ही त्यातली मोठी त्रुटी. मोतुनुईच्या पाच कोरीव फळ्यांनी वेगळा धडा दिला. तारानाकीच्या दलदलीत लपवलेल्या या फळ्या 1972 मध्ये सापडल्या, बेकायदा देशाबाहेर गेल्या, 1978 मध्ये लंडनच्या लिलावात मांडल्या गेल्या. ब्रिटिश न्यायालयांनी न्यूझीलंडचा दावा फेटाळला, आणि त्या घरी परतायला 2014 उजाडले.

आजच्या कारागिराचे हात मोकळे आहेत. क्लिफ व्हायटिंग यांनी 1998 मध्ये खुले झालेल्या ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयातले सभाघर कारखान्यात दाबून बनवलेल्या फळ्यांवर, भडक रंगांत घडवले. रांगी किपा यांनी गळ्यात घालायची मानवाकृती, ‘हेई-तिकी’, स्वयंपाकघराच्या ओट्यांना वापरतात त्या कृत्रिम पदार्थातून कोरली. जुना तोतारा दुर्मीळ होत असताना अशा प्रयोगांना परकेपणाचा ठपका ठेवणे चुकीचे आहे. रुकुपोलाही लोखंड बाहेरूनच आले होते. काळजी वेगळीच आहे. स्मृतिवस्तूंच्या दुकानांत परदेशी यंत्रांवर कापलेल्या हाडाच्या, दगडाच्या तिकी मिळतात, त्यांच्यामागे वंशावळ नसते. खऱ्या कामाची ओळख पटावी म्हणून 2002 मध्ये ‘तोई इहो’ हे मानचिन्ह निघाले. काही वर्षांतच सरकारी संस्थेने अंग काढून घेतले आणि ते माओरी कलाकारांनाच सांभाळावे लागले.

2012 च्या कायद्याने ‘ते हाउ की तुरांगा’ची मालकी रोंगोफाकाता जमातीला परत मिळाली. पण 1930 च्या दशकात न्गातांच्या देखरेखीखाली ते संग्रहालयात पुन्हा उभारताना गहाळ भाग नव्याने कोरून बसवले गेले होते. रुकुपोच्या हातासोबत न्गातांच्या काळाचाही हात त्या भिंतींत आहे. घर घरी नेताना त्यातले काय ठेवायचे, काय उतरवायचे, हे त्या खांबांपुढे उभे राहून वंशावळ सांगणारेच ठरवणार आहेत.