रिकाम्या खोलीतली फरशी

फरशी नीट बघायची तर खोली रिकामी हवी. एक भाडेकरू सामान हलवून गेलेला आणि दुसरा पहिल्या तारखेला यायचा, अशा मधल्या चार दिवसांत. पडदे निघालेले असतात, सकाळचं ऊन आडवं आत येतं आणि कॉट-कपाटांखाली वर्षानुवर्षं झाकलेलं सगळं उघडं पडतं. नाशिकच्या आमच्या दोन खोल्या मी अशा नऊ वेळा पाहिल्या आहेत. खाली कोटा आहे, हिरवट करडा, 22 इंची. वडिलांनी 1988 साली घर भाड्याने द्यायचं ठरवूनच तो बसवून घेतला होता.

दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पायांची वाट दिसते. तिथे पॉलिश मंदावलंय, भिंतीकडेला मात्र अजून खिडकीचे गज दिसावेत इतकं शिल्लक आहे. ओट्यापाशी दोन पांढरट डाग आहेत. कोटा हा चुनखडीचाच प्रकार, त्यामुळे लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडून राहिलं की त्याचं तेज जातं. न्हाणीघराच्या उंबऱ्याशीही तसंच झालंय, तिथे कोणीतरी संडास धुवायचं अ‍ॅसिड सांडलं असणार. आणि ओट्याखाली सिलिंडरने काढलेली अर्धवर्तुळं, एकात एक गुंतलेली. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. तो उचलून कोण नेतो? कडेवर तिरका करायचा आणि गोल फिरवत आत न्यायचा. नऊ बिऱ्हाडांनी तो असाच नेला.

त्या ओरखड्यांवर मी बोट फिरवून पाहिलं. खाच लागते, पण खाचेच्या तळाशी तोच करडा रंग आहे. कोट्याचं मोठेपण मला इथेच दिसतं. वरपासून खालपर्यंत तो एकच दगड आहे. चकचकीत टाइलवर हाच सिलिंडर घसरला तर वरची छापील झिलई उडते आणि आतली वेगळ्याच रंगाची माती डोळ्यांत खुपते. कोट्यावर ओरखडा उठतो, फरशीचा चेहरा मोडत नाही. मशीनवाला येतो, पाणी सोडतो, भरड दगडापासून 120, 220, 400 अशा नंबरांनी घासत नेतो, खोलीभर करडा चिखल होतो, आणि संध्याकाळी धुऊन काढल्यावर फरशी पुन्हा पहिल्यासारखी होते. आम्ही हे आजवर दोनदाच केलं.

भाड्याच्या घराला फरशी एकसारखी हवी, असं सगळे म्हणतात. पण एकसारखेपण दोन तऱ्हांचं असतं. माझ्या चुलतभावाने त्याच्या फ्लॅटमध्ये दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. बसवल्या त्या दिवशी त्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी होत्या, कोट्यात असली जुळणी कधीच होत नाही. सहा वर्षांनी गळती निघाली, चार टाइल्स फोडाव्या लागल्या आणि ते डिझाइन कुठेच मिळेना. जवळची छटा आणली, ती मधोमध ठिगळासारखी दिसते. खोक्यावर लॉट नंबर आणि शेड छापलेली असते ती याचसाठी. तिथला सारखेपणा त्या लॉटपुरताच असतो. आमच्याकडेही 2011 मध्ये ड्रेनेजसाठी तीन लाद्या काढल्या. नव्या लाद्या बाजारातून आणल्या, त्याही कोट्याच्या खाणी असलेल्या रामगंज मंडीच्याच बाजूच्या. किंचित निळसर होत्या. आज त्या कुठल्या हे मला माहीत असूनही शोधावं लागतं. मुळातच प्रत्येक लादी थोडी वेगळी, म्हणून नवखी त्यांच्यात परकी वाटत नाही.

टाइल वाईट, असं मला म्हणायचं नाही. खरी व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, लिंबाला ती दाद देत नाही, बसवली की पॉलिशची गरज नाही. फक्त दुकानात ती समोरून बघू नये. उलटी करावी आणि कड बघावी. रंग पापुद्र्याएवढा असेल तर पुढे चला. डबल चार्जमध्ये तो तीन-चार मिलिमीटर आत गेलेला दिसतो, फुल बॉडीत आरपार. भाड्याच्या घराला यातलीच एखादी, आणि खोकी दोन जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवावीत. लाकडी लॅमिनेटचा विचार आपल्याकडे करूच नये. रोज ओल्या फडक्याने पुसणारं घर आहे आपलं, सांध्यात पाणी जाऊन पट्ट्या फुगतात.

जुन्या मोझॅइकबद्दल मात्र चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. पांढऱ्या सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा, दाबून केलेली लादी, बसवल्यावर जागेवर घासलेली. तो ठिपक्यांचा पसारा दाण्याचं कूट सांडलं तरी पोटात घेतो, धुळीचा एक दिवस माफ करतो. ज्या घरात ती शाबूत आहे तिथे उखडू नका, मशीन फिरवा.

पण आमच्या फरशीत मला सर्वांत आवडते ती एक रेघ आहे. पुढच्या खोलीतला सांधा दारातून जातो आणि आतल्या खोलीत न तुटता पुढे चालू राहतो. मध्ये पट्टी नाही, रंग बदललेला नाही. गवंड्याने दोन्ही खोल्यांतून एकच दोरी ताणली होती आणि काटछाट सगळी कपाटाच्या भिंतीकडे ढकलली होती. न्हाणीकडे ढाळ इतका बेताचा, की पायाला कळत नाही आणि पाण्याला कळतो. दर वेळी मी नाणं घेऊन लादी लादी वाजवत जातो. खाली माल नीट भरला नसेल तर पोकळ आवाज येतो आणि पहिलं जड कपाट सरकलं की तीच लादी तडकते. दोन्ही खोल्यांत मिळून दोनच लाद्या पोकळ वाजतात, दोन्ही खिडकीखाली, जिथे कोणी काही ठेवत नाही.

परवा नवं बिऱ्हाड आलं. किल्ल्या देऊन मी जिन्यापर्यंत पोहोचलो तोच आतून सिलिंडर फिरवत नेल्याची ओळखीची खरखर ऐकू आली. मागोमाग बाईंचा आवाज आला, "अहो, फरशीला चरे पडतील!" मी वर तोंड करून म्हटलं, "पडू द्या वहिनी, खाली कोटा आहे."