अहिंसा नावाचं गाणं

सुरतेहून नेरूळला गेलो, सूर्य मावळायच्या आत दशम्या खाऊन घेतल्या आणि डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जाऊन बसलो. तारीख १५ डिसेंबर २०१९. आयर्लंडचा ‘यू टू’ हा बँड भारतात पहिल्यांदाच गाणार होता.

आधी ड्रमवाला लॅरी मलन एकटाच गर्दीतल्या छोट्या मंचावर आला. पहिलं गाणं ‘संडे ब्लडी संडे’. १९७२ साली डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्यावरचं. ताल लष्करी कवायतीचा, पण गाणं सूड मागत नाही. बोनो साठीला टेकलेला, तरी शब्द न् शब्द पोचत होता.

मग ‘द जोशुआ ट्री’ हा १९८७चा अल्बम, सगळा क्रमाने. शेवटाकडे ए. आर. रेहमान मुलींना घेऊन आले, गाणं ‘अहिंसा’. आमच्या घरातला रोजचा शब्द! पण खरं सांगते, मन हललं नाही. चाल गोड, इच्छा गोड, आवरायला मात्र काहीच नाही. हात उगारावासा वाटतो तेव्हा तो आवरणं, ती अहिंसा. ती पहिल्याच गाण्यात होती, नाव न घेता.